पाव तासाची प्रार्थना

रविवारी सकाळच्या उपासनेत, माझा उपदेश ऐन रंगात असताना, गॅलरीतून कुणीतरी मोठ्यानं 'आमेन' म्हणालं आणि मी पुढचं विसरलो. एवढ्याशा गोष्टीनं विसरावं असं त्यात काही नव्हतं. मेथॉडिस्ट पाळक म्हणून माझी चाळीस वर्षं गेली. माझ्यासारख्याला आमेनचं काय नवल? माझ्या मायदेशी, कॉर्नवॉलच्या खाणमुलखात, बापाच्या चॅपलात उपदेशकाचं एक वाक्य व्हायचं आणि त्यावर मंडळीची चार आमेन पडायची. उपदेशक नवखा असला तर त्याचं वाक्य आमेनाखाली चेंगरून जायचं. पण ॲडलेडच्या या चॅपलात कुणी आमेन म्हणत नाही. इथं नवा ऑर्गन आहे, बाकांवर लाल गाद्या आहेत, आणि आमेनचं काम गायकमंडळीकडे सोपवलेलं आहे. ते चार सुरांत म्हणतात आणि नेमलेल्या जागी म्हणतात. रविवारचं आमेन नेमलेल्या जागी नव्हतं. त्यातला 'आ' लांब ओढलेला, खरखरीत, खाणकऱ्यांच्या बोलीतला होता. आवाज बाईचा की पुरुषाचा तेही मला कळलं नाही. मला एवढंच वाटलं की हा जेबेज ऑपी. जेबेज ऑपी जाऊन अकरा वर्षं झाली आहेत. त्याच्या शवपेटीवर पहिली मूठभर माती मीच टाकली होती. मी समोरची पानं चाळली (हल्ली मी उपदेश लिहून आणतो, बापाला कळलं असतं तर त्यानं घरात घेतलं नसतं), दोन परिच्छेद गाळले आणि कसाबसा शेवटाला पोचलो. दारात लोक हात मिळवून गेले. एक बाई म्हणाल्या, "आज थोडक्यात आटोपलंत, फार बरं वाटलं."

सोमवारी शेजारच्या घरात नळ दुरुस्त करायला कारागीर आला. तो हातोडीनं लोखंडी नळावर ठोकायचा, मग थांबायचा, मग पुन्हा ठोकायचा. मी खिडकी लावून घेतली, पडदा ओढला, तरी ठोके भिंतीतून येतच होते. शेवटी टोपी घालून बाहेर पडलो आणि शहराभोवतीच्या मोकळ्या गवतात दुपारपर्यंत भटकलो. इथल्या हिवाळ्यातली, जूनची थंडी होती; गाई चरत होत्या; त्यांच्याशिवाय मला कुणी ओळखीचं भेटू नये अशी मी मनोमन प्रार्थना केली आणि ती तेवढी ऐकली गेली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही खोटं नाही. माझ्या चोरीचा साक्षीदार म्हणावा असा कुणी या शहरात नव्हता. पाळकाच्या नोकरीची हीच सोय आहे. दर तीन वर्षांनी मंडळ आम्हाला बोचकं बांधायला लावतं, आणि मागं जे काही राहतं त्यावर गवत वाढतं. ट्रेवेन फ्लॅटच्या खाणीवरचं चॅपल सोडल्यावर मी तीन गावं बदलली. प्रत्येक गावात लोकांनी सांगितलं की कर्नोसाहेबांच्या प्रार्थनेला तोड नाही. मी मान खाली घालून ऐकून घेतलं. नम्र माणूस, असंही ते म्हणाले.

मंगळवारी दुपारी तीन वाजता मिस्टर क्रॅडॉक यांच्या वर्गाची तिमाही भेट होती. आमच्यात दर बारा-पंधरा माणसांचा एक वर्ग असतो, त्याला एक नायक असतो, आणि तीन महिन्यांतून एकदा पाळकानं तिथं जाऊन एकेकाला विचारायचं, आत्म्याचं कसं काय चाललं आहे. ज्यानं त्यानं सगळ्यांदेखत उत्तर द्यायचं. उत्तर पटलं की पाळक त्याच्या नावाचं छोटं तिकीट लिहून हातात देतो. तिकीट नसलं की तो माणूस आमच्यातला नाही. मोठ्या मोठ्या खाणकऱ्यांना मी या तिकिटासाठी रडताना पाहिलं आहे. क्रॅडॉक कापडाचे व्यापारी, गोरेगोमटे, गोड बोलणारे. त्यांनी मला बोळातच गाठलं. "पाळकसाहेब, एक नाजूक काम आहे. रविवारचा तो आरडाओरडा आठवतोय ना? ती बाई माझ्याच वर्गात आली आहे. बाउडनला राहते, लोकांचे कपडे धुते. तशी स्वभावानं चांगली आहे हो! पण तुम्ही दुसऱ्या चॅपलांत होतात ते दोन धरून गेले तीन रविवार ती असंच ओरडते. पुढच्या बाकांवरचे लोक तक्रार करतात. मिसेस डनस्टन तर म्हणाल्या, हे चॅपल आहे की गुरांचा बाजार?" मी विचारलं, मग मी काय करू? "तिकीट द्यायच्या आधी दोन शब्द सांगा, एवढंच. मी सांगितलं तर कडू लागेल. तुम्हाला गोड बोलून माणसाला गप्प करणं छान जमतं." आणि त्यांनी वर्गाची वही माझ्या हातात दिली. तेरावं नाव नुकतंच लिहिलेलं होतं, शाई काळीभोर होती. टॅमझिन ऑपी, विधवा, ट्रेवेन फ्लॅटहून.

खोलीत शेगडी पेटली होती आणि ओल्या लोकरीचा वास भरला होता. तेरा खुर्च्या अर्धगोल मांडलेल्या. ती अगदी टोकाला, दाराजवळ बसली होती. काळी टोपी, मांडीवर ठेवलेले सोलपटलेले लाल हात. अकरा वर्षांत ती म्हातारी झाली नव्हती, नुसती लहान झाली होती. तिनं माझ्याकडे पाहून मान हलवली, ओळखीच्या माणसाला रस्त्यात हलवतो तशी. मला बसावंसं वाटलं, पण पाळकानं उभ्यानंच सुरुवात करायची असते. गीत झालं. मी पहिल्या खुर्चीकडे वळलो. मिस लव्हिस म्हणे गेली तीस वर्षं एकच उत्तर देतात: "वाट खडतर आहे, पण मेंढपाळ सोबत आहे." मी "देवाची स्तुती असो" म्हणालो आणि त्यांचं तिकीट लिहिलं. माझा हात लिहीत होता, तोंड बोलत होतं, आणि मी स्वतः ट्रेवेन फ्लॅटच्या चॅपलात, पांढऱ्या चुन्याच्या भिंतींमध्ये, त्या धुळकट उकाड्यात उभा होतो. समोर उजवीकडच्या कोपऱ्यात जेबेज, गुडघ्यांवर हात, मिटलेले डोळे. तो आमेन म्हणायचा ते माझं वाक्य संपल्यावर नाही, संपायच्या किंचित आधी; जणू वाक्याला खालून हात देऊन वर घ्यायचा. त्याच्या मागून सगळं चॅपल म्हणायचं. त्या आमेनावर मी कुठल्या कुठं जायचो. खाणकऱ्याचा पोरगा मी, पण शिकलो होतो, बोली घासून घासून काढून टाकली होती. जेबेजच्या आमेनात माझी बोली परत यायची आणि त्याची मला लाज वाटायची. हे मी तेव्हा कबूल केलं नसतं. वर्धापनदिनाला शहरातून मंडळाचे अध्यक्ष यायचे होते, तेव्हा मी त्याला अंगणात बाजूला घेतलं. म्हणालो, "ब्रदर ऑपी, या रविवारी आमेन अंतःकरणातच म्हणावं. देवाला ऐकू जातंच." तो बुटाकडे बघत म्हणाला, "द्येवाला जातं, पाळकसाहेब. पर तुमाला न्हाई ना जात. म्या तर तुमच्यासाठीच म्हणतो." आणि हसला. त्या रविवारी तो गप्प बसला. पुढच्याही. मी एकाच रविवारचं सांगितलं होतं, पण पुन्हा म्हणत जा असं सांगायला माझी जीभ रेटेना, आणि तो गप्प म्हणून बाकीचेही गप्प. सात महिने मी विहिरीत दगड टाकावेत तसे उपदेश टाकत राहिलो.

"आणि तुमचं, ब्रदर?" सहाव्या खुर्चीत घोडागाडी हाकणारा हॉब्ज. तो म्हणाला, तीन महिन्यांत घोड्याला दोनदाच शिवी दिली, आणि त्यातली एक घोड्यानं कमावलेली होती. वर्ग हसला. क्रॅडॉक हसले आणि मग माझ्याकडे अर्थपूर्ण बघून दाराच्या खुर्चीकडे डोळ्यांनी खूण केली. मी हॉब्जचं तिकीट लिहिलं. सातवी खुर्ची, आठवी. ही बाई उठून सगळ्यांदेखत काय सांगेल? तिला सगळं सांगायचा हक्क होता. आमच्या रीतीप्रमाणे वर्गात साक्ष देणाऱ्याला मध्येच कुणी अडवत नाही. प्रार्थना करणाऱ्याला तर नाहीच नाही. मेथॉडिस्ट खाणकरी कॅप्टनला, म्हणजे खाणीच्या मुकादमाला, शिव्या घालील, दारू सोडवणाऱ्या समितीच्या नाकावर टिच्चून प्यायला जाईल, पण प्रार्थनेच्या मध्ये बोलणार नाही. घर पेटलं तरी आधी आमेन होऊ देईल. हे मला माहीत होतं. ह्यातच मी लहानाचा मोठा झालो होतो. आणि तरी.

तो दिवस फेब्रुवारीतला, इथल्या भर उन्हाळ्यातला होता, उत्तरेचा तापलेला वारा सुटला होता. दुपारी मी चार मैलांवर एका आजाऱ्याकडे गेलो होतो. परतताना वाटेतच कळलं की खाणीत वीस पुरुष खोल छत कोसळलं, बाकीचे वर आले, जेबेज ऑपी आत राहिला. मी घोडी पळवली. खाणीत उतरायच्या विहिरीशी पोचलो तेव्हा पहिली गोष्ट जाणवली ती शांतता. पाणी उपसणारं मोठं इंजिन बंद होतं. ते इंजिन कधीच बंद नसतं. तिथल्या बायका त्याच्या धडधडीवर पाळणा हलवतात. शे-दीडशे माणसं उभी होती, सगळ्यांच्या टोप्या हातात, माना खाली. आणि मध्यभागी, खाली खाणीत गेलेल्या पाण्याच्या लोखंडी नळाशी, कॅप्टन टँगी दोन्ही गुडघ्यांवर वाकलेले, डोकं नळाला टेकलेलं, एक हात वर केलेला. मी घोडीवरून उतरलो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, बघा, मंडळी पाळकाची वाट न बघता देवापुढं वाकली आहे. कॅप्टननं वर केलेला हात मला बोलावणं वाटला. मी पुढं झालो, टोपी काढली आणि प्रार्थनेला सुरुवात केली.

ती माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली प्रार्थना होती. हे सांगताना आजही अंगावर काटा येतो, पण खोटं कसं सांगू? शब्द आपोआप येत होते. सात महिन्यांत प्रथमच येत होते. माशाच्या पोटातल्या अंधारात अडकलेल्या योनापासून सिंहांच्या गुहेतल्या दानिएलापर्यंत मी कुणाला सोडलं नाही. आवाज त्या स्तब्धतेत लांबवर जात होता. कॅप्टननं एकदा डोकं उचलून माझ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा ओला होता. मी आणखी मोठ्यानं बोलू लागलो. पाव तास झाला असेल. मी आमेन म्हणालो, सगळे आमेन म्हणाले, आणि कॅप्टन गुडघे झाडत उठले. इंजिनवाल्याला म्हणाले, "चालू कर. पाणी चढलंय, आता थांबता येत न्हाई." मग टोपी घातली आणि कुणाकडेच न बघता म्हणाले, "नळावर काय ऐकू आलं न्हाई." तेव्हा कुठं मला कळलं की ते सगळे प्रार्थना करत नव्हते. ते ऐकत होते. खाली कुणी जिवंत असेल तर नळावर ठोकेल म्हणून इंजिन थांबवलं होतं, आणि ते जास्तीत जास्त पाव तासच थांबवता येणार होतं. त्या पाव तासाचा एकूण एक क्षण मी माझ्या आवाजानं भरून टाकला होता. खाली कुणी नाही असं ठरलं; त्या बाजूनं खणणं सोडून पलीकडून सावकाश काम सुरू झालं. तिसऱ्या दिवशी तो सापडला. अंगावर एक जखम नव्हती. हातात दगड होता. त्याच्याजवळच्या नळावर एका जागी गंज जाऊन लोखंड चकचकीत झालं होतं, शिलिंगाच्या नाण्याएवढं. ते मला कॅप्टननं नेऊन दाखवलं. म्हणाले, "तुमची प्रार्थना फार चांगली झाली, पाळकसाहेब." हा टोमणा होता की सांत्वन, हे मी अकरा वर्षं उलटंसुलटं करून पाहतो आहे. त्या गावात मला कुणी एक शब्द बोललं नाही. कुणी दोष दिला असता तर मी तो घेऊन कुठं तरी ठेवला तरी असता. एप्रिलमध्ये माझी बदली झाली; निरोपाला त्यांनी मला घड्याळ दिलं.

"सिस्टर ऑपी," क्रॅडॉक म्हणाले, कारण मी तिच्यासमोर उभा होतो आणि बोलत नव्हतो. बारा माणसं तिकिटं हातात घेऊन बघत होती. मी विचारलं, "आत्म्याचं कसं काय चाललं आहे?"

ती उभी राहिली. "बरं चाललंय," ती म्हणाली. "कपडे लई असत्यात, हात फुटल्यात, पर बरं चाललंय. शहरातली मानसं चांगली हाईत. जरा दबक्या आवाजाची हाईत, एवढंच." हॉब्ज खुदकन हसला. क्रॅडॉक खाकरले. आता ती बसणार, मी दोन शब्द सांगणार, तिकीट लिहिणार, आणि सगळं नीट पार पडणार. माझ्या ओठांवर ते वाक्य तयारच होतं, तेच, अकरा वर्षांपूर्वीचं, त्यातला एक शब्दही बदललेला नव्हता: आमेन अंतःकरणातच म्हणावं. ते असं इतक्या सहज तयार असलेलं पाहून मला स्वतःची शिसारी आली.

"सिस्टर," मी म्हणालो, "मला तुम्हाला दोन शब्द सांगायला सांगितलं आहे. ते मी सांगणार नाही. दुसरं सांगतो." आणि मी सांगितलं. तिकिटाची पेन्सिल हातात धरून, शाळेतल्या पोरासारखा, अडखळत. जेबेजला मी गप्प केलं ते. मग इंजिन, टोप्या, कॅप्टनचा हात. माझी बोली परत येत होती आणि मी तिला येऊ दिलं. "त्यो ठोकत व्हता," मी म्हणालो, "आन् म्या बोलत व्हतो. माझ्यामुळं कुनाला ऐकू आलं न्हाई."

मिस लव्हिस यांनी रुमाल तोंडाला लावला. क्रॅडॉक जमिनीकडे बघत होते. टॅमझिन ऑपी मात्र माझ्याकडेच बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"मला आलं," ती म्हणाली.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"म्या नळाच्या पल्याड हुबी व्हते, कॅप्टनच्या समोर. नळ हाताला लागत व्हता. ठोका आला, मग आनखी एक. हाताला कळलं. तुमी योनाचं सांगत व्हता." सोलपटलेला हात तिनं उलटा करून पाहिला. "म्या म्हणलं, प्रार्थना चाललीय. मधी कसं बोलावं? चार मानसं काय म्हणतील? आमेन हू दे, मग सांगते. मग आमेन झालं, आन् लगीच इंजिन सुरू झालं, आन् मला वाटलं की ते ठोके म्हंजी माझ्या मनाचाच खेळ. म्या सांगितलंच न्हाई. कुनालाच न्हाई. आज पयल्यांदा सांगतीया." खोलीत शेगडीतलं लाकूड तडकलं. "तवापासनं मला चॅपलात गप्प बसवत न्हाई, मिस्टर क्रॅडॉक. तुमी ओरडा म्हणा, काय म्हणा. तोंड मिटलं की हाताला त्यो ठोका लागतो. पुढच्या बाकावरच्या बाईंना सांगा, रागावू नका म्हणावं."

एवढी वर्षं मी माझं पाप एकट्याचं म्हणून जपलं होतं. त्याच्याभोवती फिरत होतो, त्याला चाटत होतो, खरं सांगायचं तर त्याचा थोडा अभिमानही बाळगत होतो. आणि ही बाई त्याचा जड भाग उचलून, बाउडनच्या धुण्याच्या हौदाशी, रोज वाकत होती. मी तिला काय देणार होतो? क्षमा? ती देणारा मी कोण? माझ्याकडे तिकीट होतं. मी ते टेबलावर ठेवून तिचं नाव लिहिलं, प्रत्येक अक्षर वेगळं, आणि तिच्या हातात दिलं. तिनं ते वाचलं, घडी न करता टोपीच्या आतल्या पट्टीत खोचलं आणि बसली.

रीतीप्रमाणे शेवटची प्रार्थना पाळकाची. खुर्च्या सरकल्या, सगळे गुडघे टेकून बसले. क्रॅडॉक यांनी हळूच म्हटलं, "पाळकसाहेब, आपण." मी गुडघे टेकले, डोळे मिटले. शब्द होते, माझ्याकडे शब्द कधी कमी पडत नाहीत. योना होता, दानिएल होता, रांगेत उभे होते. मी तोंड उघडलं नाही. बाहेर कुणाची तरी गाडी गेली, पावसाळी गटारातून पाणी वाहत होतं, हॉब्जच्या छातीतली घरघर मला नीट ऐकू येत होती, मिस लव्हिस हुंदका गिळत होत्या, टॅमझिनचा श्वास दाराकडून येत होता. एक मिनिट गेलं असेल, मग आणखी बरीच गेली. कुणीतरी चुळबुळ केली. क्रॅडॉक माझ्याकडे सरकले आणि कुजबुजले, "साहेब, बरं वाटत नाही का? मी सुरुवात करू?"

"शू," टॅमझिन ऑपी म्हणाली. "बोलू नगा. ऐकू द्या त्यास्नी."